पेन्सिल आधी की खेळ आधी? महाड-पोलादपूरच्या आईबापांशी थोडं बोलायचंय

पोस्ट मोठी आहे. घरात अडीच ते सहा वर्षांचं मूल असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्यांच्या घरात आहे त्यांना पाठवा.

सध्या नर्सरी-केजीच्या प्रवेशांचे दिवस आहेत. महाडच्या एसटी स्टँडपासून बिरवाडीपर्यंत आणि तिकडे पोलादपूरच्या बाजारात फ्लेक्स लागलेत. टाय लावलेली हसरी पोरं, खाली 'प्रवेश सुरू', आणि त्याच्याही खाली गाडी घरापर्यंत येणार याची हमी. पत्रकार म्हटल्यावर लोकांना वाटतं याला सगळ्या शाळांचं आतलं माहीत असणार. त्यामुळे फोन येतात, "दादा, पोरीला कुठे टाकू?" पोरगी तीन वर्षांची. आणि लगेच दुसरा प्रश्न, "तिथे लिहायला कधीपासून घेतात?"

या दुसऱ्या प्रश्नावरच आज लिहितोय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तीन ते सहा या वयात मुलाची शाळेची तयारी खेळातून होते. आणि आपल्या दोन तालुक्यांची खरी अडचण अशी आहे की वाड्यावाड्यांवर मुलांना खेळायला मुलंच उरलेली नाहीत. म्हणून गावातली अंगणवाडी नीट चालणं ही फक्त गरिबांची गरज राहिलेली नाही, ती आपल्या सगळ्यांची आहे.

आता सविस्तर.

आधी 'केजी' या शब्दाकडे बघू. केजी म्हणजे किंडरगार्टन. शब्द जर्मन आहे, फ्रेडरिक फ्रोबेल नावाच्या शिक्षकाने १८४० साली हे नाव दिलं. अर्थ काय, तर मुलांची बाग. फ्रोबेलच्या बागेत लाकडी ठोकळे होते, चेंडू होते, गाणी होती, मुलांनी लावलेली रोपं होती. आपण केजी हा शब्द घेतला आणि बाग तिकडेच सोडली. आपल्याकडच्या कित्येक केजी म्हणजे बाजारपेठेतल्या इमारतीचा वरचा मजला, दोन खोल्या, बाकडी आणि चार रेघी वही.

आता दुसरा शब्द, अंगणवाडी. तो आपल्याच मुलखातला आहे. ताराबाई मोडक यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला आणि १९४५ मध्ये त्या बोर्डीला आल्या. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत काम करू लागल्या. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर. बालवाडी उघडली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं तिथपर्यंत येईनात. कुणी गुरं राखत होतं, कुणाच्या कडेवर धाकटं भावंड. मग या बायकांनी उलटं केलं. मूल बालवाडीत येत नाही ना, तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. तीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात भरायची ती कुरणशाळा. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणली, तिचं नाव विकासवाडी. मोठी बहीण शाळेत, मधला बालवाडीत, धाकटं पाळण्यात.

माँटेसरीची महागडी साधनं पाड्यावर कुठून आणणार? मग बिया, शिंपले, पानं, खडे, माती हीच साधनं झाली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारने देशभरात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला.

म्हणजे समुद्रकिनाऱ्याच्या याच पट्ट्यात, आपल्यासारख्याच गरीब आणि विखुरलेल्या वस्तीत ही गोष्ट जन्माला आली. आणि आज आपणच तिला "तिथे खिचडी मिळते, शिकवत काही नाहीत" म्हणून नाक मुरडतो.

तुम्ही म्हणाल, दादा, आपण कुठे बालवाडीत गेलो होतो? खेळलो, हुंदडलो, झालो ना मोठे! बरोबर आहे. पण तेव्हा वाडीत किती पोरं होती ते आठवा. मे महिन्यात खळ्यात पंधरा-वीस पोरं असायची. मोठी पोरं लगोरी खेळायची आणि लहान्यांना 'कच्चा लिंबू' म्हणून घ्यायची. काजूच्या बियांचे डाव मांडायचे, त्यात मोजणी आली. किती जिंकलो, किती हरलो, त्यात बेरीज-वजाबाकी आली. भातुकलीत कोण आई, कोण पाहुणी, यावर भांडण आणि मग समेट, त्यात भाषा आली आणि समजूतही आली. मातीची भांडी करताना बोटं तयार झाली. हे सगळं कुणी 'अभ्यासक्रम' म्हणून आखलं नव्हतं, तरी रोज चार-पाच तास चालायचं.

आता पोलादपूरच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीवर जाऊन या. घरं वीस-पंचवीस, त्यातली निम्मी कुलूपबंद. माणसं मुंबईला, नाहीतर सुरतेला. राहिलेल्या घरांत आजी-आजोबा. लहान मुलं म्हणाल तर दोन, फार तर तीन. त्यातही एक सकाळी गाडीने पोलादपूरला जातं. मागे राहिलेलं पोर ओटीवर बसून मोबाईल बघतं. आजीचा दोष नाही, तिला गुडघे धरून चालावं लागतं, ती त्याच्यामागे किती पळणार?

खेळ आपोआप व्हायचा ते दिवस गेले. आता तो घडवून आणावा लागतो. वाडीवाडीवरची दोन-दोन पोरं एका जागी आणणारी गावात आज एकच व्यवस्था आहे, अंगणवाडी.

आणि ज्याला आपण गाडीत बसवतो त्याचं काय? घाटाच्या वळणांचा रस्ता. गाडी वाडीवाडीवर थांबत जाणार. झोप पुरी न झालेलं पोर तासभर जाणार, तासभर येणार. मध्ये दोन-तीन तास बाकावर, समोर वही. घरी आल्यावर होमवर्क, आणि होमवर्क झाला की बक्षीस म्हणून मोबाईल. म्हणजे अंगणवाडीतलं पोर मुलांवाचून एकटं आणि गाडीतलं पोर खेळावाचून एकटं. पैसे भरूनही दोघांच्या वाट्याला तेच.

आता लिहिण्याबद्दल. तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन 'ए' गिरवून घेणं का चुकीचं, याचं कारण अगदी शरीरातलं आहे. आपल्या मनगटात आठ लहान हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलात ती सगळी अजून हाडं झालेलीच नसतात, बरीचशी कुर्चा असते. वर्षागणिक एकेक हाड तयार होत जातं. बोटांचे बारीक स्नायू त्याच्याही नंतर सावकाश जोर धरतात. या वयात पेन्सिल मुठीत घट्ट आवळून रेघ मारली जाते. हात दुखतो, अक्षर वळत नाही, वर ओरडा बसतो. मग मूल शाळेला कंटाळतं की वहीला, हे त्याला सांगता येत नाही. सकाळी पोट दुखतं एवढंच ते सांगतं.

त्याच हाताला कणकेचा गोळा द्या, वाटाण्याच्या शेंगा सोलायला द्या, चिंचोके आणि काजूच्या बिया वेगवेगळ्या करायला द्या, ओल्या मातीत रेघोट्या मारू द्या. पाच-साडेपाचला तोच हात पेन्सिल बरोबर धरतो आणि पुढच्या काही महिन्यांत लिहूही लागतो. दोन वर्षं रडून जे आलं असतं ते न रडता येतं.

पहिलीचे शिक्षक भेटले की मी त्यांना एक प्रश्न नेहमी विचारतो. तयार मूल म्हणजे कसं? उत्तर जवळपास सारखंच येतं. जे पाच-दहा मिनिटं गोष्ट ऐकतं. जे 'बाई, मला शू लागली' असं सांगू शकतं. ज्याला स्वतःची चप्पल घालता येते, डबा उघडता येतो. जे आपली पाळी येईपर्यंत थांबतं. हरलं तर रडतं, पण परत खेळायला येतं. काही न कळल्यास विचारतं. 'वन टू हंड्रेड पाठ' असं अजून एकाही शिक्षकाने मला सांगितलेलं नाही.

ही फक्त आपल्याकडच्या बाई-गुरुजींची समजूत नाही. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलँटी नावाचं गाव आहे. तिथे १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांचा अभ्यास झाला. काहींना चांगली बालवाडी मिळाली, बाकीच्यांना नाही. बालवाडीत पद्धत साधी होती. आज काय करणार ते मुलाने आधी ठरवायचं, मग ते करायचं, आणि शेवटी काय केलं ते सगळ्यांना सांगायचं. शिवाय शिक्षिका दर आठवड्याला घरी जाऊन आईशी बोलायची. ही मुलं चाळिशीची होईपर्यंत त्यांचा माग ठेवला. गंमत अशी की बालवाडीतल्या मुलांची बुद्ध्यांकातली आघाडी काही वर्षांतच विरून गेली. पण मोठेपणी त्यांची कमाई जास्त निघाली, शिक्षण पुरं करणारे जास्त निघाले, पोलिसांच्या तावडीत सापडलेले कमी निघाले. टिकलं ते काय? ठरवणं, तडीस नेणं, चार लोकांत मिळून-मिसळून वागणं. हे सगळं खेळात येतं.

आपलं सरकारी धोरणही कागदावर हेच सांगतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत टप्पा मानला आणि त्यात खेळातून शिक्षण म्हटलं. आपल्या राज्यात अंगणवाडीसाठी 'आकार' नावाचा अभ्यासक्रम आहे. २०२२ पासून जिल्हा परिषद शाळांमध्ये 'पहिले पाऊल' नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे होतात. तिथे टेबलं मांडून मुलाला उड्या मारायला, रंग ओळखायला, चित्र बघून बोलायला लावतात आणि आईला घरी करायच्या खेळांची कार्डं देतात. किती आया-बाबांना हे माहीत आहे? मेळाव्याला फोटो निघतो, व्हॉट्सॲपवर जातो आणि विषय संपतो.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल पत्रकार एकतर्फी लिहितोय.

अंगणवाडीत शिकवत नाहीत, ही पालकांची तक्रार पुष्कळ ठिकाणी खरी आहे. पण का शिकवत नाहीत ते बघा. सेविका एक, मदतनीस एक. लहान वस्तीवर मदतनीसच नाही अशीही वर्षं गेली. सेविकेने वजन-उंची घ्यायची, घरपोच आहार वाटायचा, गरोदर बायांच्या घरी जायचं, लसीकरणाला मुलं गोळा करायची आणि सगळं मोबाईलवरच्या पोषण ट्रॅकरमध्ये भरायचं. आपल्या डोंगरात रेंज कुठे मिळते ते तुम्हाला सांगायला नको. २०२१ मध्ये राज्यभरातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले, कारण ते चालत नव्हते आणि ॲप इंग्रजीत होतं. कुठलाही सर्व्हे आला की सेविका. निवडणुकीच्या याद्या आल्या की सेविका. २०२४ मध्ये लाडकी बहीणचे अर्ज आले, तेव्हाही सेविका. ४ डिसेंबर २०२३ पासून त्या संपावर गेल्या, तो संप दीड महिन्याच्या वर चालला. तेव्हा गावात चर्चा झाली ती आहार बंद झाल्याची. मुलांचं शिकणं बंद झालं असं म्हणताना मी फारसं कुणाला ऐकलं नाही. कारण तिथे शिकणं असतं हे आपण मानतच नाही.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. सरकार त्यांना 'मानधनी' म्हणतं, पगारी नाही. म्हणजे काम पूर्ण वेळाचं आणि नाव सेवेचं. अशा बाईने सकाळी हसत-खेळत गाणी घ्यावीत ही अपेक्षा आपण कुठल्या तोंडाने करायची?

दुसरं कारण इंग्रजीचं. त्यातही तथ्य आहे. एमआयडीसीत इंटरव्ह्यूला गेलेल्या आपल्या पोरांची इंग्रजीमुळे कशी पंचाईत होते ते मी पाहिलंय. आईबापाला वाटतं, आपलं झालं ते पोराचं होऊ नये. ही माया आहे, तिला कुणी हसू नये. पण ज्या मुलाला घरच्या भाषेत भरपूर शब्द आहेत, जे गोष्ट सांगू शकतं, 'का' विचारू शकतं, त्याला सहा-सात वर्षांनंतर इंग्रजी चांगलं येतं. तीन वर्षांच्या मुलाला 'मॅंगो, ॲपल' पाठ करायला लावलं तर त्याला शब्द येतात, बोलणं येत नाही. आणि आजीशी तो काय बोलणार? गोष्टी आजीकडे आहेत, त्या मराठीत आहेत.

तिसरं कारण कामाचं. आई कामाला जाते आणि अंगणवाडी दुपारी सुटते. हा प्रश्न खरा आहे आणि त्याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. पण कोसबाडला पाळणाघर आणि बालवाडी एकत्र करून तो सोडवला होता, हे मात्र खरं. आपल्याकडे बचत गटांच्या महिला आहेत. पटसंख्या घटल्यामुळे जिल्हा परिषद शाळांच्या खोल्या रिकाम्या आहेत. अंगणवाडी आणि पहिली एकाच आवारात आणली तर मुलाला शाळेची सवय आपोआप होईल, बाई आणि गुरुजी एकमेकांशी बोलतील. आवार मात्र सुरक्षित हवं. २२ जुलै २०२१ ला तळिये, साखर सुतारवाडी, केवनाळे इथे काय झालं ते आपण पाहिलंय. दरडीखालच्या किंवा ओढ्याकाठच्या इमारतीत मुलं बसवू नका, हे पावसाळ्याआधी बोलायचं असतं.

एक गोष्ट राहून जाते, ती मुद्दाम लिहितो. कातकरी वाड्यांवरची मुलं. दिवाळी झाली की कुटुंबं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामावर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने त्या मुलाची अंगणवाडी बुडते. जूनमध्ये ते पहिलीत येऊन बसतं तेव्हा खडू म्हणजे काय हेही त्याला नवीन असतं आणि आपण म्हणतो, ही मुलं शाळेत टिकत नाहीत. भट्टी ज्या गावात आहे तिथल्या अंगणवाडीत त्यांना घेता येतं. त्यासाठी भट्टीमालकाने सांगायला हवं, सेविकेने जायला हवं आणि गावाने 'ती आपली नाहीत' असं म्हणायला नको. चवदार तळ्याच्या गावातल्या माणसांना 'सगळ्यांचं' म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागू नये.

मग करायचं काय? आपल्या हातातल्या गोष्टी सांगतो.

एक. ग्रामसभा. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. रस्ता, पाणी, घरकुल यांच्यासोबत अंगणवाडीचा विषय लेखी द्या. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे १० टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गेल्या तीन वर्षांत ते कशावर गेले, विचारा. छप्पर गळतंय का, संडासला पाणी आहे का, मुलांना खेळायला सपाट जागा आहे का, विचारा. भांडू नका, फक्त इतिवृत्तात नोंद करून घ्या.

दोन. सेविकेचा सकाळचा वेळ राखा. रोजचे पहिले दोन तास तिला मुलांसोबत राहू द्या, त्या वेळात सर्व्हे नको, मिटिंग नको, असा ठराव करा आणि बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना पाठवा. ठरावाने लगेच सगळं बदलणार नाही, पण दहा गावांचे ठराव गेले तर उत्तर द्यावं लागतं.

तीन. एमआयडीसीतल्या कंपन्यांकडे सीएसआर मागताना कमानी आणि बाकडी मागतो, तसे अंगणवाडीसाठी लाकडी ठोकळे, चित्रांची पुस्तकं, झोका, वाळूचा हौद मागा. कमानीपेक्षा स्वस्त पडेल.

चार. खासगी नर्सरीत टाकायचंच असेल तर जरूर टाका, तो तुमचा निर्णय. चांगल्या नर्सरी आपल्याकडेही आहेत. पण फी विचारण्याआधी हे विचारा. मुलं दिवसातून किती वेळ उघड्यावर खेळतात? गोष्ट रोज सांगता का, आणि कुठल्या भाषेत? एका बाईकडे किती मुलं? लिहायला कधी घेता? शेवटच्या प्रश्नाला "पहिल्या महिन्यापासून" असं उत्तर अभिमानाने आलं, तर दोन वेळा विचार करा. आणि पहिलीच्या प्रवेशाला कुणी मुलाची किंवा तुमची परीक्षा घेत असेल, तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने त्याला बंदी आहे आणि दंडही आहे, हे लक्षात ठेवा.

पाच. घरी. रोज अर्धा तास, मोबाईल बाजूला. शेजारच्या वाडीतल्या पोराला आपल्या अंगणात बोलवा, नाहीतर आपलं पोर तिकडे घेऊन जा. भाकरी करताना पिठाचा गोळा द्या. बाजारातून आणलेली भाजी वेगवेगळी करायला लावा. झोपताना एक गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी ती त्याच्याकडून ऐका. याला एक पैसा लागत नाही.

फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जातं. त्याआधी एक वर्ष शाळापूर्व वर्ग, तोही खेळाचा. तो देश काही मागे पडलेला नाही. आपल्याकडे पहिलीला सहा वर्षं पुरी लागतात. म्हणजे घाई सरकारची नाही, शाळेचीही सगळ्या ठिकाणी नाही. बरीचशी घाई आपली आहे, शेजारच्याचं पोर गाडीत बसलं म्हणून.

तुमच्या गावच्या अंगणवाडीची आजची स्थिती खाली लिहा. मुलं किती, खोली कशी, सकाळी काय चालतं. चांगलं असेल तर सेविकेच्या कामाचं कौतुकही करा, त्या बायकांना ते फार कमी मिळतं. लहान मुलांचे फोटो मात्र टाकू नका. आलेली माहिती गावनिहाय एकत्र करून मी दोन्ही पंचायत समित्यांकडे देणार आहे आणि तिथून काय उत्तर आलं तेही इथेच लिहीन.